मुलाची रात्रीची गुडघेदुखी, एमआरआयमध्ये खुब्यात सूज. टीबीची औषधं सुरू करावीत का? सल्ला हवा

रानजाई
नमस्कार. मुलगा १४ वर्षांचा, नववीत. आम्ही सातारा जिल्ह्यात असतो. गेले आठ महिने त्याचा उजवा गुडघा दुखतोय. दिवसा शाळेत जातो, येतो, जरा लंगडतो एवढंच. पण रात्री एक-दीडच्या सुमारास उठून बसतो, गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरतो आणि तसाच बसून राहतो. आधी "वाढीचं दुखणं" म्हणून कॅल्शियम दिलं. सासूबाईंनी महिनाभर तिळाच्या तेलाने चोळलं. गुडघ्याचे दोन एक्स-रे झाले, एमआरआय झाला, सगळं नॉर्मल. मग अभ्यास टाळण्यासाठी नाटक करतोय असंही लोक म्हणाले. एकदा मीही त्याला तसं बोलले, ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

गेल्या महिन्यात एका फिजिओथेरपिस्टनी त्याला झोपवून पाय आतल्या बाजूला वळवून बघितला आणि म्हणाल्या, गुडघा नाही, खुबा बघा. खुब्याच्या एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेत सूज आणि सांध्यात पाणी दिसलं. खाली लिहिलंय, टीबी, इतर जंतुसंसर्ग किंवा गाठ यांची शक्यता. एक डॉक्टर म्हणतात टीबीची औषधं दोन महिने देऊन बघू. दुसरे म्हणतात खुबा उघडून तुकडा काढू. ताप नाही, वजन कमी झालेलं नाही, रक्तात सूज-संसर्ग दाखवणाऱ्या तपासण्याही ठीक: ईएसआर १२, सीआरपी नॉर्मल. आयब्युप्रोफेनची गोळी दिली की अर्ध्या-पाऊण तासात शांत झोपतो, म्हणून रोज रात्री देतेय. तेही चुकतंय का? कुणाकडे जावं?

आडवाट
ताई, औषधं सुरू करायच्या आत परळला टाटामध्ये दाखवून घ्या. गाठ साधी असली तरी तिथे बघतात, "कॅन्सरच असेल तरच जायचं" असं नाही. माझ्या पुतण्याची फाईल तिथे काढली होती, त्याची साधीच निघाली.

खुबा_गुडघा
मी हाडांचा डॉक्टर आहे, सरावाला २२ वर्षं झाली. तपासल्याशिवाय निदान करत नाही, पण तुम्ही इतकं नीट लिहिलंय की एक शक्यता सांगणं भाग आहे. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा हे नाव कागदावर लिहून घ्या आणि पुढच्या डॉक्टरांना थेट विचारा, "हा असू शकतो का?"

ही हाडातली अगदी छोटी, साधी गाठ. तिचा मूळ ठिपका बहुतेक वेळा दीड सेंटिमीटरहूनही लहान असतो. बहुतेक रुग्ण ५ ते २५ वयातले, मुलांमध्ये मुलींपेक्षा दोन-तीन पट जास्त. मांडीच्या हाडाचा वरचा भाग ही तिची आवडती जागा. तो ठिपका प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं भरपूर तयार करतो, त्यामुळे एवढ्याशा गाठीची वेदना एवढी मोठी असते. रात्री ती वाढते. आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नेमकी तीच रसायनं अडवतं, म्हणून गोळीने मूल झोपी जातं. न्यूयॉर्कच्या हेन्री जॅफे यांनी १९३५ साली ही गाठ स्वतंत्र आजार म्हणून मांडली. रात्रीचं दुखणं आणि गोळीने मिळणारा आराम ही तिची ओळख आजही बदललेली नाही.

गुडघा का दुखतो? खुबा आणि गुडघा यांच्याकडे जाणाऱ्या काही नसा एकच आहेत. दुखणं वर असतं आणि मूल हात खाली ठेवतं. गुडघा दुखणाऱ्या प्रत्येक मुलाचा खुबा फिरवून बघायचा, हे आम्हाला शिकवलेलं असतं, तरी ओपीडीच्या गर्दीत ते राहून जातं. तुमच्या फिजिओथेरपिस्टनी ते केलं, त्यांचे खरंच आभार माना.

एमआरआय इथे चकवतो. गाठ एवढीशी आणि तिच्याभोवती सूज मोठी, त्यामुळे अहवालात सूजच भरते. सांध्याच्या आवरणाच्या आत गाठ असली की पाणीही होतं, मग टीबी किंवा संधिवात वाटतो. आपल्याकडे खुब्याचा टीबी खरोखर दिसतो, त्यामुळे तो विचार करणारे डॉक्टर चुकीचे नाहीत. पण आठ महिन्यांनंतरही ईएसआर १२ आणि ताप नाही, अशा मुलाला नमुना न तपासता टीबीची औषधं सुरू करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. खुबा उघडायचीही घाई नको. आधी त्या जागेचा पातळ कापांचा सीटी स्कॅन करून घ्या. एमआरआयमध्ये हरवलेला ठिपका बहुतेक वेळा सीटीत सापडतो.

गोळी जेवणानंतरच द्या आणि एकदा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घ्या. काही आठवडे ठीक आहे, वर्षानुवर्षं नको. ही गाठ काही वर्षांनी आपोआप विझूही शकते, पण वाढत्या वयात खुब्याच्या सांध्यात ती तशीच राहू देणं मला पटत नाही.

एक्सरे_खोली
डॉक्टरांनी सांगितलंच आहे. मी सीटीच्या मशीनवर काम करतो म्हणून एवढंच सांगतो: चिठ्ठीवर "दोन्ही खुबे" एवढंच लिहिलेलं असलं तर काप जाड घेतले जाऊ शकतात. उजव्या हाडाच्या मानेचे एक मिलिमीटरचे काप, असं लिहून आणा. आणि मुंबईला जाताना छापील फिल्मसोबत सीडी न्याच. फिल्मवर चार निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी.

माळरान
मध्येच विचारते, माफ करा. मुलगी १२ वर्षांची, गुडघ्याखाली आतल्या बाजूला हाडासारखी कडक गाठ लागते. दुखत नाही. एक्स-रेमध्ये ऑस्टिओकाँड्रोमा आलाय. काढून टाकावी का?

खुबा_गुडघा
हाडाच्या साध्या गाठींमध्ये हीच सगळ्यात जास्त दिसते. मूल वाढतं तशी ती वाढते, उंची थांबली की तीही थांबते. दुखत नसेल, नस किंवा रक्तवाहिनी दाबत नसेल, पाय वाकडा होत नसेल तर हात लावू नका. वर्षातून एकदा दाखवत राहा. उंची थांबल्यावर वाढू लागली किंवा नव्याने दुखू लागली तर लगेच या. आणि घरात आणखी कुणाला अशा गाठी आहेत का ते बघा. अंगावर अनेक ठिकाणी येणारा प्रकार आनुवंशिक असतो.

उंबरठा
रानजाईताई, तुकडा कोण काढणार हे आधी ठरवा. मी २३ वर्षांचा असताना गुडघ्यामागे गाठ आली. एका ठिकाणी "चरबीची आहे" म्हणून एमआरआय न करता, आडवा छेद घेऊन काढली. तपासणीत सांध्याच्या अस्तराची जायंट सेल ट्यूमर निघाली. कॅन्सर नव्हे, पण परत येणारी. दीड वर्षात आली. दुसऱ्या सर्जनना जुना आडवा व्रण सामावून मोठा छेद घ्यावा लागला. पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच, किंवा त्याच्या सांगण्यावरून, सुई कुठून घालायची ते ठरवायचं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आज गुडघा पूर्ण वाकतो, पण ती दोन वर्षं गेली ती गेलीच.

खुबा_गुडघा
उंबरठा यांनी लिहिलंय ते ताई प्रिंट काढून घेऊन जा. गाठ साधी वाटली तरी क्रम तोच: आधी चित्रं, मग सुई, मग शस्त्र.

सीटीत ठिपका सापडला तर बहुतेकदा मोठं ऑपरेशन लागत नाही. भूल देऊन, सीटीत बघत बघत सुई ठिपक्यापर्यंत नेतात आणि तिचं टोक सुमारे ९० अंशांपर्यंत पाच-सहा मिनिटं तापवतात. त्याला आरएफए म्हणतात. नमुनाही त्याच वाटेने घेता येतो. थोड्या मुलांना दुखणं परत येतं, त्यांना दुसऱ्यांदा करावं लागतं. हे करणारे रेडिओलॉजिस्ट आणि मुलांच्या हाडाच्या गाठी बघणारे सर्जन एकाच ठिकाणी असतील तिथे जा. टाटात आहेत, पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांतही होतं. खर्चाचा अंदाज लेखी घ्या. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे भरती व्हायच्या आधीच आरोग्यमित्रांना विचारा.

रानजाई
सात आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमा. सीटी केला. हाडाच्या मानेत ७ मिलिमीटरचा काळपट गोल ठिपका, मध्ये पांढरा कण. ठिपका हरभऱ्याच्या दाण्याएवढा असेल. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवला तेव्हा मुलगा म्हणाला, "म्हणजे खरंच होतं ना?" मी त्याची तिथेच माफी मागितली.

टीबीची औषधं सुरू केली नाहीत. आरएफए झालं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. मांडीवर एकच छोटी पट्टी. पहिल्या दोन रात्री सुईच्या जागी दुखलं, पण ते वेगळं, असं तोच म्हणाला. तिसऱ्या रात्री मी सवयीने एक वाजता जागी झाले, उशाशी गोळी आणि पाण्याचा तांब्या होताच. तो पालथा झोपला होता, एक पाय खाटेबाहेर. पहाटेपर्यंत हलला नाही. गोळ्यांची अर्धी पट्टी अजून तशीच पडून आहे.

नमुन्याचा अहवालही तोच आला, ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. उजवी मांडी डावीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक झाली आहे, त्यासाठी रोज व्यायाम चालू आहेत. तीन महिने धावायचं नाही म्हणून खो-खोच्या संघातून नाव काढावं लागलं, त्यावरून घरात रोज वाद चालतो. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी. साताऱ्याकडच्या कुणाला कागदपत्रं किंवा मुंबईत राहण्याच्या सोयीबद्दल विचारायचं असेल तर इथेच विचारा, रात्री जेवणं झाल्यावर उत्तर देते.