मदत हवी आहे: ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं ईमेल खातं हॅक, लाभार्थ्यांची यादी बाहेर गेल्याचा संशय

प्रश्न
एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना घरपोच मदत देणारी छोटी संस्था. समन्वयकाच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ खात्यात कुणीतरी घुसलं होतं. मेलबॉक्समध्ये सुमारे ६०० जणांची एक्सेल यादी आहे: नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, औषधं, नातेवाइकांचे नंबर, आणि काहींच्या दाराबाहेरच्या किल्लीपेटीचे (घराची किल्ली ठेवलेली, कोडने उघडणारी छोटी पेटी) कोड. पासवर्ड बदललाय. आयटीचा माणूस नाही. आणखी काय करायचं? विश्वस्तांचं म्हणणं, खात्री झाल्याशिवाय कुणाला सांगून घाबरवू नका.

प्रतिसाद १
बाकी सगळं नंतर, आधी किल्लीपेट्या. एकटं राहणाऱ्या माणसाचा पत्ता आणि दाराचा कोड एकाच ओळीत असेल, तर ही नुसती डेटा गळती राहत नाही. ती घरं वेगळी काढा, आजच फोन करा आणि प्रत्यक्ष जाऊन कोड बदला. नवे कोड त्याच एक्सेलमध्ये भरू नका. आणि सगळ्या पेट्यांना एकच कोड तर अजिबात नको, सोय म्हणून हे सर्रास केलं जातं.

प्रतिसाद २
पासवर्ड बदलणं पुरेसं नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अ‍ॅडमिनमधून त्या खात्याची सगळी चालू सेशन्स (आधीपासून उघडी असलेली लॉगिन) रद्द करा. मग तीन गोष्टी बघा: पडताळणीसाठी नवा फोन किंवा अ‍ॅप जोडलंय का, कुठल्या अनोळखी अ‍ॅपला मेल वाचायची परवानगी दिली आहे का, आणि मेलबॉक्सचे नियम. आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं ते हे नियम ठरवतात. घुसखोर स्वतःच्या नियमाला पुष्कळदा नुसता टिंब असं नाव देतात, पटकन नजरेत येऊ नये म्हणून. तो मेल बाहेर पाठवतो किंवा कुणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये सरकवतो.

लॉग, म्हणजे खात्यातल्या हालचालींच्या नोंदी, आजच उतरवून घ्या. एन्ट्रा या मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेच्या मोफत योजनेत लॉगिनच्या नोंदी ७ दिवसच राहतात, सशुल्क असेल तर ३०. ऑडिट लॉग (खात्यात कुणी काय बदललं याची नोंद) साधारण १८० दिवस मिळतो. सोमवारी बघू म्हटलं की पहिल्या लॉगिनची नोंद पुसली गेलेली असते, आणि मग खातं किती दिवस उघडं होतं हे सांगता येत नाही.

प्रश्नकर्ता
टिंबाच्या नावाचा नियम सापडला! सगळे मेल बाहेरच्या एका पत्त्यावर जात होते. काढून टाकू?

प्रतिसाद २
आधी स्क्रीनशॉट. पूर्ण पत्ता दिसला पाहिजे. मग लगेच काढा. नियम कधी तयार झाला ते ऑडिट लॉगमध्ये मिळेल. त्या तारखेपासून आलेला प्रत्येक मेल गेला असंच धरा. जुने मेलही सुरक्षित समजू नका, आत शिरलेल्याला ते वाचता येत होतेच. पाठवलेले आणि डिलीट केलेले मेलही तपासा. देणगीदारांना ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल गेला असेल, तर त्यांना आजच फोन करा.

प्रतिसाद ३
विश्वस्तांची काळजी समजते, पण खात्रीची वाट बघणं इथे उलटतं. यादी हाती लागलेला भामटा संस्थेचंच नाव घेऊन फोन करतो. त्याला औषधाचं नाव, मुलीचा नंबर ठाऊक असतो, मग आजी-आजोबा विश्वास का ठेवणार नाहीत? शिवाय कळवण्याची मुदत कायद्यात असते. युरोपीय संघात नियामकाला ७२ तासांत कळवावं लागतं, तेही गळती लक्षात आल्यापासून. तुमच्याकडचा नियम आजच वकिलाला विचारा.

पत्र एक पानी, अक्षर १६ पॉइंट, लिंक नाही, क्यूआर नाही. ‘सायबर घटना’ वगैरे शब्द टाळा. पहिल्याच वाक्यात लिहा: ‘तुमचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि औषधांची यादी परक्या माणसाच्या हाती गेली असण्याची शक्यता आहे.’ पुढे: आम्ही ओटीपी, पिन, पैसे कधीच मागणार नाही. नवा हेल्पलाइन नंबर छापू नका, त्यांच्याकडे आधीपासून असलेलाच द्या.

ज्यांना दिसत नाही किंवा विस्मरण आहे, त्यांना नेहमीच्या कार्यकर्त्याने घरी जाऊन सांगावं आणि ज्येष्ठांच्या संमतीने नातेवाइकांनाही. फोन करणाऱ्याने स्वतःहून म्हणावं, ‘माझ्यावर विसंबू नका, फोन ठेवा आणि तुमच्याकडच्या नंबरवर उलट फोन करा.’ लँडलाइन असेल तर उलट फोन दुसऱ्या फोनवरून. काही ठिकाणी समोरच्याने फोन ठेवला नाही तर लाइन तुटत नाही आणि भामटाच पुन्हा बोलतो.

प्रतिसाद १
किल्लीपेट्यांचं काय झालं ते कळवा.