बफलोचा २००९ चा अपघात नक्की बर्फामुळेच ना?

जर्सीकर_काका: लेक बफलोला शिकतेय, जानेवारीत नेवार्कहून तिच्याकडे जायचंय. बायकोने कुठूनतरी शोधून काढलं की याच रूटवर १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री विमान उतरता उतरता क्लॅरेन्स सेंटरला एका घरावर पडलं, घरातला एक धरून ५० माणसं गेली. मी इतकी वर्षं समजत होतो पंखांवर बर्फ साचला म्हणून, पण रिपोर्टात म्हणे पायलटची चूक. मग बर्फाचं काहीच नाही का?

हँगरवाला: बर्फ होता हो, पण विमान पाडण्याइतका नव्हता. ते विमान डॅश ८ क्यू४००. त्यात एक स्विच असतो, बर्फात तो टाकला की स्टॉलची (म्हणजे स्पीड फार कमी होऊन पंखांची उचल जाण्याची) वॉर्निंग जरा जास्त स्पीडलाच येते. तो टाकलेला होता, पण लँडिंगचा स्पीड मात्र बर्फ नसतानाचा, ११८ नॉट, धरलेला. चाकं खाली आली, स्पीड उतरत गेला, ऑटोपायलट चालू, दोघांचंही लक्ष नाही आणि १३१ ला हातातली दांडी थडथडायला लागली, तीच ती वॉर्निंग. तेव्हा दांडी पुढे ढकलून नाक खाली करायचं, कॅप्टनने ती मागे ओढली आणि को-पायलटने न विचारता फ्लॅप्स (कमी स्पीडला जास्त उचल देणाऱ्या पंखामागच्या झडपा) वर घेतले. दांडी थडथडली तोवर विमान व्यवस्थित उडत होतं, हेच जास्त लागतं मनाला.

रात्रपाळी: थकव्याचं पण लिहा की. को-पायलट सिअ‍ॅटलहून रात्रभर प्रवास करून ड्युटीवर आलेली. पडायच्या काही मिनिटं आधीच कॅप्टनला सांगत होती की या नोकरीआधी मी असं आयसिंग कधी बघितलंच नव्हतं. दहा हजार फुटांखाली अवांतर गप्पांना बंदी असते तरी यांच्या चालूच. नंतर गेलेल्यांच्या घरच्यांनी वॉशिंग्टनला खेटे घालून घालून कायदा करवला, एअरलाइनच्या पायलटला १५०० तास उड्डाणाचा नियम त्यातूनच आला.

हँगरवाला: बरोबर. पण म्हणून बर्फाला क्लीन चिट नको. १९९४ ला इंडियानातल्या रोझलॉनला एटीआर ७२ जातीचं विमान शिकागोला उतरायची वाट बघत घिरट्या घालत होतं. पंखाच्या पुढच्या कडेला रबरी पट्टे असतात, ते फुगून बर्फ फोडतात, पण त्या दिवशी बर्फ पट्ट्यांच्या मागे धरला. एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारी पंखाची झडप) आपोआप वळलं, विमान उलटलं, ६८ जण गेले. पट्टे रुंद केले ते त्यानंतर.

जर्सीकर_काका: धन्यवाद मंडळी. बायकोला सगळं वाचून दाखवलं, ती म्हणते मग गाडीने जाऊ. सहा तास, तेही जानेवारीच्या बर्फात, आणि चालवणार मी!