तारा, गरिमा अरोरा आणि कोवळा फणस

‘गोव्यात एवढ्या चांगल्या बायका स्वयंपाकघरं चालवतात, मग एकीलाही मिशेलिन तारा का नाही’ हा प्रश्न मुळातच चुकतो. तारा मिशेलिन गाइड, म्हणजे रेस्टॉरंटांचा दर्जा ठरवणारं मार्गदर्शक, देतं; तो रेस्टॉरंटला मिळतो, व्यक्तीला नाही, आणि भारतातल्या रेस्टॉरंटांना हे गाइड आजवर तारे देत आलेलं नाही. शेफ गरिमा अरोरांना २०१८ साली तो मिळाला तो बँकॉकच्या त्यांच्या ‘गा’ या रेस्टॉरंटसाठी, दुसरा २०२३च्या डिसेंबरात. ‘गा’च्या आधी पत्रकारिता, पॅरिसला पाककलेचं शिक्षण, कोपनहेगनच्या ‘नोमा’ रेस्टॉरंटात काम.

त्यांच्या गाजलेल्या पदार्थात कोवळा फणस भाजून रोटी-लोणच्यांबरोबर देतात. गोव्यात म्हापशाच्या बाजारात फेब्रुवारी-मार्चात असा फणस मिळतो, घरी करून पाहण्यासारखा आहे. आठळी कडक होण्याआधीचाच घ्या. सुरीला, हातांना खोबरेल चोळा, नाहीतर चीक सुटत नाही. बोटभर जाड फोडी मीठ-हळदीच्या पाण्यात, सुरी जेमतेम शिरेल इतक्याच उकडा. जास्त झाल्या तर विस्तवावर तंतू सुटून पडतात. मग कापडावर पसरून नीट कोरड्या करा. ओल राहिली की फोड वाफते, खरपूस होतच नाही. भाजायला करवंटीचे निखारे उत्तम.