बदाम, पावडर आणि मोडलेला कान: तालमीच्या खुराकावरून चर्चा

मातीतला शिक्षक, मोहोळ

जुळे सोलापुरात व्यायामशाळा चालवणाऱ्या एका प्रशिक्षकांनी काल लिहिले की, तालमीचा खुराक म्हणजे पैशांची नासाडी आहे. पैलवानाने दूध, बदाम आणि तूप सोडून दिवसातून तीनदा प्रथिनांची पावडर घ्यावी, आणि दुखापत झाल्यास बर्फ लावून दुसऱ्याच दिवशी सरावाला उभे राहावे. हे वाचून मला राहवले नाही. आमच्या तालमीत येणाऱ्या मुलांचे वडील ऊसतोडीला जातात किंवा पूर्व भागात यंत्रमागावर उभे असतात, आणि असा सल्ला त्यांच्यापर्यंत पोहोचला तर दारातली दुभती म्हैस विकून पावडरीचे डबे आणले जातील, याची मला खरी भीती वाटते.

साध्या माणसाला रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे आपल्या देशातील शिफारस सांगते. कसून मेहनत करणाऱ्याला १.४ ते २ ग्रॅम लागतात. साठ किलोच्या मुलासाठी मधला १.६ हा आकडा धरला, तर ९६ ग्रॅम होतात. म्हशीच्या एक लिटर दुधातून सुमारे ३५, अडीचशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून २५, शंभर ग्रॅम शेंगदाण्यातून २५ आणि पन्नास ग्रॅम डाळीतून ११ ग्रॅम मिळतात. ही बेरीज ९६ होते, आणि यातली प्रत्येक वस्तू आपल्या जिल्ह्यात पिकते किंवा दुभते. पावडर हे विष आहे, असे माझे म्हणणे नाही. पण जे घरात आहे ते कुचकामी ठरवून बाजारातले विकत घ्यायला लावणे मला पटत नाही.

प्रशिक्षक, जुळे सोलापूर

सर, आपले गणित कागदावर बरोबर आहे, पोटात ते तसे उतरत नाही. ज्वारीतले प्रथिन शिजवल्यावर कमी पचते आणि त्यात लायसिन हा प्रथिनांतला आवश्यक घटक फार थोडा असतो, त्यामुळे भाकरीचे २५ ग्रॅम शरीराला २५ ग्रॅम म्हणून लागू होत नाहीत. शिवाय शंभर ग्रॅम बदामात प्रथिने २१ ग्रॅम आणि चरबी ५० ग्रॅम असते. मी ज्या मुलांना शिकवतो त्यांना वजनगटात उतरायचे असते. २०२४ साली पॅरिसमध्ये केवळ १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने विनेश फोगाट अंतिम लढतीतून बाद झाल्या, हे सगळ्यांनी पाहिले आहे. अशा खेळात वाटीभर तूप पिण्याचा आग्रह कोण धरणार?

मातीतला शिक्षक, मोहोळ

ज्वारीबद्दलचे म्हणणे मी मान्य करतो, पण ते अर्धेच आहे. ज्वारीत जे लायसिन कमी पडते ते दूध आणि डाळ भरून काढतात, आणि तरीही तूट वाटली तर दोन अंडी वाढवावीत. त्यासाठी डबा लागत नाही. बदामाबद्दल मात्र मी आपल्याच बाजूने बोलतो, कारण शेंगदाण्यात बदामापेक्षा प्रथिने थोडी जास्तच असतात आणि किंमत कितीतरी कमी. शेंगदाण्याच्या चटणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातल्या बापाने बदामासाठी कर्ज काढावे, हे मला पाहवत नाही. आणखी एक गोष्ट पावडर विकणारे सांगत नाहीत. उत्तेजक चाचणीत शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते, मग ते भेसळीच्या डब्यातून आलेले का असेना. जिल्ह्याबाहेर खेळू पाहणाऱ्या मुलाला हे आधी कळायला हवे.

जुना पैलवान, माळशिरस

तुम्ही दोघेही ग्रॅम मोजत बसला आहात. रात्री भिजवलेले बदाम पहाटे दगडावर घासायचे, त्यात खसखस, बडीशेप आणि काळी मिरी घालून थंडाई करायची, आणि ती पिऊन हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरायचे, हा आमचा नेम होता. त्या थंडाईवर आम्ही पंचक्रोशीतल्या जत्रांची मैदाने मारली, तेव्हा कोणी लायसिन विचारले नाही. आजची पोरे जोर-बैठकांना कंटाळतात आणि कान जरा सुजला की दवाखाना गाठतात. कान मोडल्याशिवाय पैलवान ओळखायचा कसा? माझे दोन्ही कान मोडलेले आहेत आणि गावात मला त्याचा मान आहे.

पैलवानाची आई, विडी घरकुल

वस्ताद, आपण मोठे आहात म्हणून आदराने लिहिते, पण हे वाक्य मला सहन झाले नाही. माझ्या मुलाचा कान सुजला तेव्हा तालमीतल्या मोठ्या मुलांनी त्याला हेच सांगितले की, आता तू खरा पैलवान झालास. एका दवाखान्यात सुईने रक्त काढले, वर दाबपट्टी बांधलीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी कान पुन्हा तेवढाच फुगला. मग तालमीतच कोणीतरी वापरलेल्या सुईने टोचले आणि त्यात पू झाला. आज त्या कानाचे भोक इतके अरुंद झाले आहे की मळ अडकून सतत दुखते आणि त्याला नीट ऐकू येत नाही. हा मान मला नको होता.

जुना पैलवान, माळशिरस

ताई, तुमच्या मुलाला जे झाले ते सुईमुळे झाले, कुस्तीमुळे नव्हे. आम्ही कान टोचलाही नाही आणि त्यात पूही झाला नाही. ज्यांनी हौद्यातली माती अंगाला लावली नाही, त्यांनी पैलवानाच्या कमाईला आजार म्हणू नये.

फिजिओथेरपिस्ट, सात रस्ता

माती अंगाला लावली नसली तरी त्या मातीतून उठलेली माणसे मी रोज तपासतो, त्यामुळे मला बोलण्याचा अधिकार आहे असे मी समजतो. कानाच्या कूर्चेला, म्हणजे कानाला आकार देणाऱ्या लवचिक भागाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण वरच्या पातळ आवरणातून मिळते. घासल्याने किंवा आदळल्याने रक्त या दोघांच्या मध्ये साचले की पोषण तुटते, आणि पुढे तिथे कठीण, वेडीवाकडी गाठ तयार होते; तोच हा मोडलेला कान. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून ते रक्त निर्जंतुक पद्धतीने काढून घ्यावे लागते आणि त्यावर घट्ट दाब ठेवावा लागतो. दाब नसला की रक्त पुन्हा भरते. ताईंच्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच राहून गेले. त्यानंतर जखम भरेपर्यंत लढत बंद ठेवायची, आणि पुढे सरावात कान झाकणारे संरक्षक घालायचे. अमेरिकेतील शालेय कुस्तीत ते सक्तीचे आहे. आपल्याकडे घातले तर मुले चिडवतात, आणि वस्ताद, ते चिडवणे थांबवणे फक्त आपल्यासारख्यांच्याच हातात आहे.

बर्फाबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण मूळ लेखातला तो सल्ला मला पावडरीपेक्षा जास्त खटकला. आराम, बर्फ, दाब आणि उंचावर ठेवणे हे सूत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली मांडले, आणि २०१४ मध्ये त्यांनीच लिहिले की बर्फ आणि संपूर्ण आराम यांमुळे भरून येण्यास उशीर होऊ शकतो. बर्फाने वेदना कमी होते, एवढ्यासाठी थोडा वेळ लावायला हरकत नाही. पण वेदना गेली म्हणजे सांधा बरा झाला, असे मानून दुसऱ्या दिवशी लढतीला उभे करणे धोक्याचे आहे. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या कडेने दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे काढावा.

प्रशिक्षक, जुळे सोलापूर

दुसऱ्या दिवशी सराव, हे मी स्नायू आखडण्याबद्दल लिहिले होते, मुरगळण्याबद्दल नव्हे. तरी वाचणाऱ्याला ते तसे कळले नसेल तर मी तो भाग दुरुस्त करतो. पावडरीबद्दलचे मत मी बदलत नाही. ज्या मुलाच्या घरी म्हैस नाही, जो खोलीवर राहून खाणावळीत जेवतो, त्याला आपण एक लिटर निर्भेळ दूध कोठून आणून देणार आहात, याचे उत्तर सरांनी अजून दिलेले नाही.

मातीतला शिक्षक, मोहोळ

खाणावळीच्या मुलाची अडचण खरी आहे. तिथे शेंगदाणे, फुटाणे आणि उकडलेली अंडी खोलीवर ठेवता येतात, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर त्याने पावडर घ्यावी; पण डबा पक्क्या पावतीचा असावा आणि तीनदा नव्हे, एकदाच घ्यावा. याहून पुढे मी सरकणार नाही.

जुना पैलवान, माळशिरस

बदामावर मी एक अक्षर मागे घेत नाही. कानाचे म्हणाल, तर माझा नातू याच वर्षी तालमीत जाऊ लागला आहे, आणि ताईंनी जे लिहिले ते घरात त्याच्या आईने वाचले आहे. ती ऐकणार नाही. ते संरक्षक सोलापुरात कोठे मिळते आणि लहान मुलाच्या मापाचे असते का, हे फिजिओ साहेबांनी कळवावे.