किडनी बसणार हे दोन दिवस आधी कळून करायचं काय?

सलाइनवाला

परवा दुपारी आमच्या बारा खाटांच्या आयसीयूत एका लॅबचा माणूस आला. "सर, क्रिएटिनिन आता जुनं झालं. रक्तातलं एनगॅल करा, किडनी बसायच्या दोन दिवस आधी कळतं." मी चहा पाजला आणि नाही म्हटलं. का, ते लिहितो. झोडपायचं असेल तर झोडपा.

क्रिएटिनिन उशिरा वाढतं हे मान्य. स्नायूंतून रक्तात येणारा हा कचरा, किडनीचं काम निम्म्याच्या आसपास उतरल्याशिवाय रिपोर्टात नीट दिसत नाही. एनगॅल हे प्रथिन किडनीच्या नळ्यांना इजा झाली की काही तासांत वाढतं. पण तेच प्रथिन न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतूनही येतं. माझ्याकडचे निम्मे पेशंट सेप्सिसचे, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाचे. त्यांच्या पांढऱ्या पेशी आधीच खवळलेल्या. म्हणजे एनगॅल वाढणारच, किडनी धड असो वा नसो.

दुसरं असं की, आधी कळलं तरी देऊ काय? किडनीची इजा परतवणारं औषध नाही. मग डायलिसिस लवकर सुरू करावं म्हणाल, तर तेही करून झालंय. 2020 साली स्टार्ट-एकेआय ही चाचणी छापून आली. जवळजवळ तीन हजार पेशंट, अर्ध्यांना डायलिसिस लवकर, अर्ध्यांना गरज पडल्यावर. 90 दिवसांत दोन्हीकडे साधारण 44 टक्के दगावले. लवकरवाल्यांतले जास्त जण पुढेही डायलिसिसवरच राहिले, ते वेगळं.

त्यापेक्षा लघवीची पिशवी बघा. 60 किलोच्या माणसाला तासाला 30 मिलीपेक्षा कमी, असं सलग सहा तास झालं की घंटा वाजली. फुकट.

टाकेदुखी

मी लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला भूल देतो, त्यामुळे माझा चष्मा वेगळा.

एनगॅलचं नाव झालं तेच मुळी आमच्या पेशंटांवर. 2005 साली सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयातून प्रसाद देवराजन यांच्या गटाने 71 मुलांचा अभ्यास छापला. हार्ट-लंग मशीनवर ऑपरेशन झालेली मुलं. त्यातल्या 20 जणांना किडनीची इजा झाली. क्रिएटिनिनवर ते कळायला एक ते तीन दिवस लागले, एनगॅल दोन तासांत वर गेलं होतं. लघवीतलंही आणि रक्तातलंही.

फरक कुठे आहे? आमच्याकडे इजेची वेळ माहीत असते. ते मशीन कधी सुरू झालं, कधी थांबलं, भुलीच्या कागदावर मिनिटासकट लिहिलेलं असतं. तुमच्या सेप्सिसच्या आजोबांना इजा सोमवारी झाली की शुक्रवारी, कोण सांगणार? एनगॅलसारख्या मार्करला, म्हणजे इजेची खूण दाखवणाऱ्या पदार्थाला, नावं ठेवण्याआधी तो कुणावर लावताय ते बघा.

आणि क्रिएटिनिनवर एवढा भरवसा? 42 किलोची म्हातारी. आल्या दिवशी 0.5, तिसऱ्या दिवशी 0.9. लॅबच्या कागदावर दोन्ही नॉर्मल, लाल अक्षर नाही, बाण नाही. प्रत्यक्षात 1.8 पट झालं. केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या व्याख्येत दीडपटीलाच इजा म्हणतात. त्यात तुम्ही पाच-सहा लिटर सलाइन चढवलेलं असतं, म्हणजे आकडा पातळ होऊन आणखी खाली दिसतो.

सलाइनवाला

म्हातारीचं उदाहरण मान्य, पण तो दोष बघणाऱ्याचा. आदल्या दिवशीचा कागद शेजारी ठेवला तर दिसतं.

रात्रपाळी

आदल्या दिवशीचा कागद फाइलमध्ये असतो, फाइल काउंटरवर असते, काउंटरवर नातेवाईक असतात. असो.

मी चौदा वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. सर, तुमची ती फुकटची पिशवी जरा आमच्या बाजूने बघा. रात्री मला चार पेशंट, त्यात दोन व्हेंटिलेटरवर. तासातासाला मोजायचं तर युरोमीटर लागतो, वर मोजपट्टीचा डबा असतो ना तो. तो नेहमी नसतो. साधी दोन लिटरची पिशवी लावली की तिच्या खुणा शंभर-शंभरच्या. 20 मिली आणि 35 मिली त्यात कुणी ओळखून दाखवा. मग पहाटे सहाला चार्ट भरला जातो: 40, 40, 35, 40, 40. असा चार्ट बघून तुम्ही राउंडला खूश होता.

आणि लघवी थांबली की आधी पाय उचलून बघावं. नळी मांडीखाली दबलेली सापडते. एकदा तर एका नव्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारं लॅसिक्स देऊन झाल्यावर ती सापडली.

नमुना_क्रमांक

पॅथॉलॉजीवाल्याच्या बाजूने थोडा हिशेब. समजा 100 पेशंट, त्यातल्या 30 जणांची किडनी बसणार आहे. टेस्ट चारांतले तीन बरोबर पकडते, आणि धडधाकटांतले चारांतले तीन बरोबर सोडते. वाईट टेस्ट नाही ही. पॉझिटिव्ह येतील साधारण 40. त्यातले खरे 22-23, बाकीचे 17-18 उगाच घाबरवलेले. म्हणजे जवळपास नाणं उडवण्यासारखं. निगेटिव्ह मात्र कामाचं, 60 पैकी 52-53 जण खरोखर सुटतात. विकायला येणारे पॉझिटिव्हचंच कौतुक करतात.

सिस्टॅटिन-सी या किडनीच्या दुसऱ्या रक्ततपासणीवरही उड्या मारू नका. त्याला स्नायूंचं सोयरसुतक नाही हे खरं, पण स्टिरॉइड आणि थायरॉइड त्याला हलवतात. आयसीयूत स्टिरॉइड न मिळालेला पेशंट दाखवा.

ब्रिटनच्या 'नाइस' या उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या सरकारी संस्थेने 2020 साली एनगॅलसारख्या टेस्ट तपासल्या आणि नेहमीच्या वापरासाठी शिफारस करण्याइतका पुरावा नाही असं सांगितलं. त्यांची सरकारी तिजोरी ज्यावर सरसकट खर्च करत नाही, ते आपल्याकडे नातेवाइकांच्या बिलात टाकायचं?

लेक

मी डॉक्टर नाही. वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहितेय.

वडिलांची बायपास झाली. नाव घेत नाही, मोठं रुग्णालय. तीन दिवस रोज विचारलं, "किडनी नॉर्मल आहे" म्हणाले. चौथ्या दिवशी थेट डायलिसिसच्या संमतीपत्रावर सही मागितली. नंतर फाइलची झेरॉक्स घरी आणून एका ओळखीच्या डॉक्टरांना दाखवली. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकची, म्हणजे किडनीला झोंबणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं चालू होती, दिवसाला दोन. चौथ्या दिवशीही एक दिलं होतं. डायलिसिस नऊ वेळा झालं. बाबा आता बरे आहेत, पण मीठ-पाणी मोजून.

सलाइनवाला सर, तुम्ही विचारता, आधी कळून करायचं काय. ती इंजेक्शनं थांबवली असती.

सलाइनवाला

ताई, वाईट वाटलं. पण बायपासच्या पेशंटला डायक्लोफेनॅक देऊच नये, त्यासाठी कुठलीही टेस्ट लागत नाही. ते पुस्तकात आहे.

लेक

पुस्तकात होतं, सर. थांबवलं नाही ना कुणी.

टाकेदुखी

लेक यांनी नेमकं बोट ठेवलंय.

युरोपातली 'प्रेव्ह-एकेआय' चाचणी बघा. हृदयाच्या ऑपरेशननंतर लघवीतले दोन मार्कर (टिंप-2 आणि आयजीएफबीपी-7) मोजायचे, वाढलेले असतील त्यांनाच काळजीची पूर्ण यादी लावायची. यादीत नवं काहीच नाही: किडनीला झोंबणारी औषधं बंद, बीपी आणि पाणी नीट, साखर आटोक्यात, स्कॅनसाठी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट औषध टाळा. सलाइनवाला म्हणतात तसं, सगळं पुस्तकातलं. 2021 साली बारा ठिकाणी तीच चाचणी केली. यादी पूर्ण पाळली गेली ती यादी लावलेल्या गटात 65 टक्के पेशंटांत, नेहमीच्या गटात 4 टक्के. चार! मार्कर औषध नसेल, पण तो माणसांना जागं करतो.

नमुना_क्रमांक

अर्धंच सांगू नका. त्याच 2021 च्या चाचणीत किडनीच्या इजेचं एकूण प्रमाण कमी झालं नाही. मध्यम आणि गंभीर इजा 24 वरून 14 टक्क्यांवर आली, ती चांगली गोष्ट. पण 2017 च्या पहिल्या चाचणीतही डायलिसिस आणि मृत्यू यांत फरक नव्हता. शिवाय हा मार्कर लघवीतला, धागा रक्तातल्या टेस्टचा आहे. आणि यादी पाळायलाच लावायची तर सगळ्यांनाच लावा की, टेस्टचा खर्च कशाला?

टाकेदुखी

सगळ्यांना लावायची म्हटलं की कुणालाच लागत नाही. कुठल्याही आयसीयूत महिनाभर बसून बघा.

काजूची_बी

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी मेडिकल ऑफिसर. तुमच्या वादात आमचा पेशंट कुठेच नाही, म्हणून लिहितो.

भात लावणी झाली की लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, सुरू होतो. लेप्टोच्या किडनीची खोड अशी की लघवी बहुतेक वेळा कमी होतच नाही. माणूस दीड लिटर लघवी करतो, पोटॅशियम उलट खाली असतं आणि किडनी आतून बसत असते. सलाइनवाला, तुमची पिशवी इथे खुशाल खोटं बोलते. घोणस चावलेल्याचीही किडनी बसू शकते. प्रतिविष द्यायचं की नाही ते वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या परीक्षेवर ठरतं, साध्या काचेच्या नळीत, त्याला मार्करची गरज नाही. पण किडनी बसणार का, ते त्या रात्री मला कुणी सांगत नाही.

आणि "आधी कळून करायचं काय" याचं आमचं उत्तर सोपं आहे: गाडी काढायची. माझ्याकडे डायलिसिस नाही. ते आंबा घाट चढून कोल्हापुरात. जुलैत पाऊस आणि धुकं धरून किती तास, ते दरड ठरवते. बीपी टिकून आहे, श्वास बरा आहे तोवर पाठवायचा की दोन दिवस ठेवून घ्यायचा, हा निर्णय मी दर पावसाळ्यात अंदाजाने घेतो. विनाकारण पाठवलं तर घरच्यांची गाय विकली जाते. नाही पाठवलं तर तिसऱ्या दिवशी धाप लागलेला माणूस घाटात न्यावा लागतो. दोन्ही करून झालंय माझं.

सलाइनवाला

लेप्टोचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आमच्याकडे ते पेशंट येतात तेव्हा घाट चढून आलेले असतात, म्हणजे निर्णय तुम्ही घेऊन टाकलेला असतो. मोठ्या आयसीयूपेक्षा तुमच्याकडे हे जास्त उपयोगी पडेल हे मान्य. पण लेप्टोतही जंतुसंसर्गच आहे, पांढऱ्या पेशींची भानगड तिथेही सुटत नाही.

माझ्या आयसीयूसाठी मत तेच. मात्र लेक यांच्यानंतर एक केलं. काल सगळ्या बारा फाइली काढून औषधांचे कागद बघितले. दोघांना डायक्लोफेनॅक चालू होतं. त्यातलं एक माझ्याच सहीचं.

रात्रपाळी

युरोमीटरची ऑर्डर पण टाका लगे हाथ.

काजूची_बी

सलाइनवाला, त्या लॅबवाल्याने रिपोर्ट किती वेळात देतो म्हणून सांगितलं?

सलाइनवाला

सॅम्पल संध्याकाळच्या गाडीने पुण्याला. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर.

काजूची_बी

मग राहू दे. यंत्र इथे येईल तेव्हा कळवा.