हॉलमधल्या टीव्हीसाठी कॉम्प्युटर असेंबल करायचाय: प्रोसेसर आय३, रायझन की एन१००?

काटेपूर्णा (अकोला)

टीव्ही ५५ इंची, फोर-के. त्याला कायमचा जोडून ठेवायला कॉम्प्युटर हवाय. गेम नाहीत, ऑफिसचं काम नाही. त्यावर चालणार काय, तर घरच्या लग्नामुंजींच्या व्हीएचएस कॅसेट (डिजिटल करून आणल्यात, ७२० बाय ५७६, एमपेग-२), भाच्याच्या मोबाइलमधले फोर-के व्हिडिओ, बाबांचा नाट्यसंगीताचा साठा, तो बराचसा फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फॉरमॅट), आणि यूट्यूब. टीव्हीच्या यूएसबीला डिस्क लावली की कॅसेटवाल्या फायली एक तर उघडतच नाहीत, उघडल्या तर कोणी हात हलवला की हाताच्या कडेला आडव्या रेघा दिसतात.

बजेट ३०,०००, हार्डडिस्क सोडून. इथल्या दुकानदाराने कोटेशनमध्ये वेगळं ग्राफिक कार्ड आणि ६५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) टाकलाय. म्हणे, "फोर-के पाहायचं म्हणजे कार्ड लागतेच ना भाऊ." मला पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

दोन अटी. आवाज नको, कारण बाबा रात्री जेवणं झाल्यावर ऐकायला बसतात आणि त्यांना तंबोऱ्यापासून सगळं ऐकू यायला लागतं. दुसरी अट म्हणजे अकोल्याचा मे. ४५ अंश आम्हाला नवीन नाहीत आणि टीव्हीखालच्या शोकेसला काचेचं दार आहे.

बिनकामाचा

मे महिन्यात कूलर चालू असताना कॉम्प्युटरचा पंखा ऐकू येणारे बाबा असतील तर त्यांना आमचा दंडवत. टीव्हीला मागे लावायची स्ट्रीमिंग स्टिक घ्या, विषय संपवा.

काटेपूर्णा

कूलर चार महिने, गाणं बारा महिने. आणि स्टिकने त्या रेघा जातील का, हे कोणीच सांगत नाही.

डाग_आणि_सोल्डर (पुणे)

आधी रेघांचं बोलू, कारण तुमची खरी अडचण तीच आहे आणि दुकानदाराच्या कार्डाने ती सुटणार नाही.

आपल्याकडच्या व्हीएचएस कॅसेट पाल पद्धतीच्या. त्यात सेकंदाला २५ पूर्ण चित्रं नसतात, ५० अर्धी चित्रं असतात: एकात विषम ओळी, पुढच्यात सम. दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेली. ती एकावर एक ठेवून दाखवली की हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दात फुटतात. प्लेअरने प्रत्येक अर्ध्या चित्रावरून एक पूर्ण चित्र तयार करायचं असतं, म्हणजे सेकंदाला ५०. याला डीइंटरलेसिंग म्हणतात. कोडी नावाचा फुकट प्लेअर ते व्यवस्थित करतो आणि ५७६ ओळींच्या चित्राला आजचा कुठलाही प्रोसेसर पुरतो. मात्र टीव्ही ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, राहिला तर चित्र अडखळत सरकतं. कोडीच्या सेटिंगमध्ये स्क्रीनचा रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलण्याची सोय आहे, ती चालू करा. कॅसेट लागली की टीव्ही ५० वर जाईल, सिनेमा लागला की २४ वर. आणि कोणी "एमपी४ करून देतो, फाइल लहान होईल" म्हणालं तरी मूळ एमपेग-२ फायली पुसू नका. रूपांतर करताना ते दात चित्रातच पक्के बसले तर नंतर काढणं फार जड जातं.

आता प्रोसेसर. व्हिडिओ उलगडायला चिपच्या आत वेगळा भाग असतो, तो कोणकोणते फॉरमॅट ओळखतो एवढंच बघायचं. रायझनमधली ५६००जी एच.२६४, एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे फॉरमॅट उलगडते, पण एव्ही१ नाही, आणि यूट्यूब एव्ही१ बरंच वापरतं. आय३-१२१०० आणि एन१०० दोघेही एव्ही१ उलगडतात. म्हणजे ५६००जी बाद. तिच्यात गेमसाठी ताकद जास्त आहे, पण तुम्हाला गेमच नाहीत.

व्हिडिओपुरतं पाहिलं तर एन१०० पुरे, ६ वॉटची चिप आहे. तरी तुम्हाला मी आय३ सांगेन. एन१०० आपल्याकडे बहुतेक तयार डबीतच मिळते. पंखा नसलेल्या डबीचं अंग हेच तिचं हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा भाग), बाहेरची हवाच ४५ आणि वर काचेचं दार, तर ती तापून मंद होणार. पंखेवाल्या डबीत पंखा बोटभर असतो, चिरचिरतो, आणि गेला तर त्याच मापाचा शोधत बसा. आय३ला लागणारं सगळं, मदरबोर्ड, रॅम, पंखा, एसएमपीएस, अकोल्यात कुठल्याही दुकानात मिळेल. माझ्या लेखी टीव्हीखालच्या मशिनाला हे वेगापेक्षा महत्त्वाचं.

घेताना १२१००एफ पदरात पडू देऊ नका. स्वस्त असते, पण तिला ग्राफिक्सच नाही, मग दुकानदाराचं कार्ड खरंच लागेल! एच६१० बोर्ड चालेल, फक्त त्याच्या माहितीपत्रकात एचडीएमआय २.० किंवा वरचं आहे ना ते वाचा. १.४ असेल तर फोर-के ३० हर्ट्झवरच अडकतं, आणि भाच्याचे ६० फ्रेमचे व्हिडिओ निम्मेच दिसतील. रॅम ८ जीबी, दोन पट्ट्यांत.

आवाजासाठी: बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची वीजमर्यादा ३५ वॉटवर आणा, बहुतेक बोर्डांत ती सोय असते. १२० मिमीचा एक पंखा सावकाश फिरवा, प्रोसेसरबरोबर येणारा छोटा पंखा काढून जरा मोठा कूलर बसवा. एसएमपीएस ४५० वॉटचा चांगल्या कंपनीचा घ्या. ६५० चं इथे काही काम नाही. आत फक्त एसएसडी. हार्डडिस्क फिरते, कुरकुरते, ती राउटरजवळ आतल्या खोलीत ठेवा आणि लॅनच्या वायरने जोडा. काचेचं दार मात्र काढावं लागेल.

जलद_लोकल (ठाणे)

रास्पबेरी पाय ५ हा छोटा कॉम्प्युटर कोणीच सुचवला नाही? त्यात लिब्रेईएलईसी, म्हणजे फक्त कोडी चालवणारी सिस्टिम, टाकली की टीव्हीच्याच रिमोटवर कोडी चालतो, कारण पायला सीईसी (एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीच्या रिमोटचे हुकूम घेण्याची सोय) येतं.

डाग_आणि_सोल्डर

सीईसीचा मुद्दा खरा, कॉम्प्युटरच्या एचडीएमआयवर ते सहसा नसतं. पण पाय ५ फक्त एचईव्हीसी हार्डवेअरवर उलगडतो. एव्ही१ नाही, एच.२६४ सुद्धा प्रोसेसरच्या जोरावर. यूट्यूबवाल्या घरात नको.

रिमोटसाठी फ्लर्क नावाचा यूएसबीचा छोटा रिसीव्हर मिळतो. घरात पडून असलेल्या डीव्हीडी प्लेअरच्या रिमोटची बटणं त्याला शिकवा. बाबांच्या हातात कीबोर्ड द्यायची वेळ येणार नाही.

निंबोळी (परभणी)

लाइट जाते ना तुमच्याकडे? इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला वेळ लागतो, ट्यूबलाइट नुसती मिचकते पण कॉम्प्युटर बंद पडतो.

आणि ओटीटी त्या कॉम्प्युटरवर फोर-केमध्ये पाहायच्या भानगडीत पडू नका. लिनक्सवर तर नाहीच मिळत, विंडोजवरही नेटफ्लिक्सला एज ब्राउझर किंवा त्यांचं अ‍ॅप लागतं. टीव्हीत अ‍ॅप आहेतच, तिथेच बघा.

काटेपूर्णा

आय३-१२१००, एच६१०, ४५० वॉट ठरलं. दुकानदाराला कार्ड काढायला सांगितलं तर म्हणाला, मग फोर-केची गॅरंटी नाही देत. बोर्डाचं माहितीपत्रक मोबाइलवर दाखवलं, मग तयार झाला. काचेचं दार काढायला आईचा विरोध आहे, धूळ बसेल म्हणते.

डाग_आणि_सोल्डर

मग दार राहू द्या, शोकेसची मागची प्लाय कापून १२० मिमीचा एक पंखा तिथे बसवा, हवा बाहेर फेकणारा. हवा आत यायला दाराखाली दोन बोटं फट ठेवा आणि तिला डासांची जाळी लावा. जाळी महिन्याला झटकायची.