पॉल बॉयमरची निरागसता नेमकी कुठे हरवते?

धागालेखक : बोरूबहाद्दर

एरिक मारिया रेमार्क यांची १९२९ सालची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही कादंबरी नुकतीच पुन्हा वाचली आणि तिच्याविषयीचे एक रूढ विधान मला पटेनासे झाले. शाळेच्या बाकावरून उठून खंदकात गेलेली जर्मन पोरे पहिल्या महायुद्धात निरागसता गमावून बसतात, असे तिच्याबद्दल सर्रास लिहिले जाते. ‘गमावतात’ म्हटले की बंदूक हाती घेतलेला मुलगा केवळ सोसणारा ठरतो, त्याने इतरांना काय सोसायला लावले हे बाजूला पडते. कालव्यापलीकडच्या फ्रेंच बायकांचा प्रसंग आठवा. कादंबरीचा निवेदक-नायक पॉल आणि त्याचे सोबती रात्री पोहत त्यांच्याकडे जातात ते सैन्याचा पाव आणि सॉसेज घेऊन, आणि त्या भुकेल्या बायकांचे लक्ष आधी त्या पावाकडे जाते. पॉल त्या जवळिकीत स्वतःचे हरवलेले कोवळेपण शोधतो. मात्र ज्यांच्या मुलखावर आपलेच सैन्य बसले आहे त्यांच्या घरात पाव का उरला नाही, याकडे त्याचे मन वळत नाही.

प्रतिसाद : खंदकातला वाचक

आपण प्रसंग अचूक निवडलात, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. गेरार्ड द्युव्हालचे प्रकरण आपण गाळले आहे. तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात अंगावर कोसळलेल्या या फ्रेंच सैनिकाला पॉल भोसकतो आणि मग कित्येक तास त्याची घरघर ऐकत, त्याला पाणी पाजत तिथेच अडकून पडतो. मृताच्या पाकिटात बायको आणि लहान मुलीचे फोटो निघतात, तो छापखान्यात काम करणारा होता हे कळते, आणि पॉल त्याच्या घरच्यांसाठी काहीतरी करण्याच्या आणाभाका घेतो. दुसऱ्या दिवशी सोबत्यांत परतल्यावर मात्र खड्ड्यात आपण काय बरळलो, असे त्यालाच वाटते. आपल्या नायकाला इतके उघडे पाडणारा लेखक त्याची बाजू सावरतो आहे, असे कसे म्हणता येईल? माझ्या मते निरागसता भोसकताना जात नाही. ती जाते ते त्या विसरण्यात.

प्रतिसाद : तिसरी घंटा

मला दोघांचेही पुरते पटत नाही, कारण खरा गुन्हा वर्गातच घडलेला आहे. कांटोरेक मास्तरांच्या भाषणांनी भारावून अख्खा वर्ग भरतीला जातो. बेम नावाचा एकच मुलगा का-कू करतो, आणि पहिल्यांदा मरणाऱ्यांत तोच असतो. ज्यांना काय पत्करतो आहोत हेच कळलेले नाही, त्यांच्याकडे आपण कसला जाब मागणार? एक तपशील मात्र नोंदवतो : स्वतः रेमार्क स्वेच्छेने नव्हे, तर १९१६ साली सक्तीच्या भरतीतून सैन्यात गेले आणि १९१७च्या जुलैअखेरीस जखमी होऊन आघाडीवरून परतले. म्हणजे वर्गच्या वर्ग भरतीला जाण्याचे ते चित्र त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून उचललेले नाही. मास्तरांकडे बोट दाखवायचे म्हणून ते मुद्दाम रचलेले आहे. (आमच्या शाळेतही असे एक मास्तर होते, सुदैवाने तेव्हा युद्ध नव्हते.)

बोरूबहाद्दर

द्युव्हालबाबत माघार घेतो. ते प्रकरण माझ्या मांडणीत बसत नव्हते म्हणून मी त्याच्याजवळून हळूच निघून गेलो, हे खरे. पण ‘तिसरी घंटा’ यांना विचारतो : कांटोरेकने भरतीला नेले, हे मान्य, पण पॉलचा वर्गमित्र केमरिख मरणपंथाला लागलेला असताना दुसरा वर्गमित्र म्युलर याचा डोळा त्याच्या मऊ बुटांवर असतो, ते कोणत्या मास्तरांनी शिकवले?

तिसरी घंटा

त्याला मी गुन्हा म्हणणारच नाही. केमरिखचा पाय कापलेला आहे आणि बूट ठेवले तर रुग्णालयातला कोणीतरी ते लांबवणार, हा म्युलरचा हिशेब चोख आहे. केमरिखला ते घालता आले असते, तर म्युलर त्यांच्यासाठी धडपडला नसता, हे पॉलही आवर्जून सांगतो. मला भीती वाटते ती त्या हिशेबात काहीही चुकीचे सापडत नाही याची.